कर्णबधिर मुलाच्या शिक्षकाने आधी काय शिकावं?

जूनमध्ये पट तयार होतो आणि एखाद्या नावापुढे ‘कर्णबधिर’ असा शेरा दिसतो. त्या शेऱ्यावरून वर्गशिक्षकाला जवळजवळ काहीच कळत नाही. ते मूल ढोलताशाही न ऐकणारं असू शकतं, श्रवणयंत्र लावून आजीशी फोनवर गप्पा मारणारं असू शकतं, किंवा घरात चार-दोन खुणांपलीकडे कुणाशी काही न बोललेलंही असू शकतं. या तिघांना शिकवण्याची तयारी वेगवेगळी आहे. तरी शाळेतून पहिलं वाक्य एकच ऐकू येतं : “आमचं असं काही प्रशिक्षण झालेलं नाही.”

वाक्य खरं आहे. पण प्रशिक्षण म्हटलं की आपल्याला एकदम पदवी आठवते, आणि पदवी हाताशी नाही म्हणून सगळंच राहून जातं. या आठवड्यात शिकता येण्यासारख्या गोष्टी वेगळ्या, वर्षभरात शिकण्याच्या वेगळ्या, आणि हाच व्यवसाय म्हणून निवडणाऱ्यांचा रस्ता आणखी वेगळा. माझ्या मते पहिला धडा ठरलेला आहे : या मुलापर्यंत नेमकं काय पोचतं आणि त्याच्याकडे आज कोणती भाषा आहे, हे शोधायला शिकणं. हे माहीत नसेल तर महागडी साधनंही कपाटाची शोभा होतात.

कान समजून घ्या

पालकांकडे मुलाच्या श्रवणतपासणीचा कागद असतो. त्याची प्रत मागून घ्या आणि तो वाचायला शिका. अर्ध्या तासाचं काम आहे. आडव्या रेषेवर आवाजाची पट्टी, म्हणजे डावीकडे जाड आवाज आणि उजवीकडे बारीक. वरून खाली येताना आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये वाढत जाते. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. खुणा जितक्या खाली, तितकं ऐकणं कमी. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं. तेवढ्यावरून या मुलाला यंत्राशिवाय काय ऐकू येईल याचा अंदाज बांधता येतो. यंत्र लावून घेतलेली तपासणी असेल तर तीही मागा, कारण वर्गात आपल्याला तीच उपयोगी.

बऱ्याच मुलांचा आलेख डावीकडे वर आणि उजवीकडे घसरलेला असतो. जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. अशा मुलाचे आईवडील शपथेवर सांगतात, “त्याला येतं ऐकू. दार आपटलं की वळून बघतो.” बघणारच, दाराचा आवाज जाड असतो आणि जमीनही हादरते. ‘स’ आणि ‘श’ मात्र बारीक आवाज आहेत. मराठीत ‘स’वर किती भार आहे पाहा. ‘तो जातो’ आणि ‘तू जातोस’, ‘आला’ आणि ‘आलास’ यांतला फरक त्या एका ‘स’चा. तो ज्याला ऐकूच येत नाही त्याच्या वहीत ‘तू काल का आला नाही’ असं वाक्य आलं, तर ते बेफिकिरीतून आलेलं नसतं. मुलाने जे ऐकलं तेच लिहिलंय.

रोज सकाळी दोन मिनिटांत होणारी एक चाचणी प्रत्येक शिक्षकाला यायला हवी. डॅनियल लिंग या तज्ज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. सहा आवाज : म, ऊ, आ, ई, श, स. साधारण एक मीटरवर, मुलाच्या बाजूला किंवा किंचित मागे उभं राहायचं, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. नेहमीच्या आवाजात एकेक आवाज काढायचा. क्रम रोज बदलायचा, मधलं अंतरही कमी-जास्त ठेवायचं, नाहीतर मुलं ताल पकडून हात वर करतात. लहान मूल आवाज आला की डब्यात मणी टाकेल, मोठं मूल तोच आवाज परत म्हणेल. काल ‘श’ येत होता आणि आज येत नाही, तर मुलाला रागावण्याआधी यंत्र तपासा.

यंत्र तपासायचं म्हणजे काय? आधी बॅटरी. कानामागच्या यंत्रांत बहुधा हवेवर चालणाऱ्या बटण-बॅटऱ्या असतात. त्यांच्या स्टिकरचा रंग ठरलेला आहे : ६७५ नंबरला निळा, १३ ला नारिंगी, ३१२ ला तपकिरी. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच बॅटरी आत टाकावी. त्या नंबरचं एक पाकीट वर्गाच्या कपाटात असू द्या. तालुक्याच्या गावाला जाऊन बॅटरी येईपर्यंत मुलाचा आठवडा बुडतो. मग कानात बसणारा साचा बघा : भोकात मळ आहे का, नळीत पाण्याचे थेंब आहेत का. कोकणातल्या पावसाळ्यात हे थेंब रोजचेच. रात्री बॅटरी काढून यंत्र सिलिका जेलच्या हवाबंद डबीत ठेवायला पालकांना सांगा. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवायचं नाही, हेही स्पष्ट सांगावं लागतं. आणि यंत्र शिट्टी मारत असेल तर बहुतेक वेळा साचा सैल झालेला असतो, कारण मूल वाढतं तसा कानही वाढतो. घरातले लोक शिट्टी नको म्हणून आवाजच कमी करून ठेवतात. शिट्टी थांबते, ऐकणंही थांबतं. त्यावर उपाय नवा साचा हाच.

कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलाबद्दल शाळेत एक गोड गैरसमज असतो : ऑपरेशन झालं, आता ते ऐकतं. ऑपरेशननंतर प्रोसेसर मुलाच्या गरजेनुसार जुळवून घ्यावा लागतो, पुन्हा पुन्हा. ऐकलेल्या आवाजाला अर्थ लावायला शिकवावं लागतं आणि त्यात वर्षं जातात. त्या मुलाचे वाचोपचारतज्ज्ञ कोण आहेत ते विचारा आणि महिन्यातून एकदा फोन करा. या महिन्यात कोणत्या आवाजांवर, कोणत्या शब्दांवर काम चाललंय ते कळलं की तेच शब्द वर्गात मुद्दाम वापरता येतात.

एक वर्ग मात्र कागदावर कुठेच येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला. त्याप्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असेल तर ‘कर्णबधिर’, आणि ६० ते ७० असेल तर ‘ऐकू कमी येणारी व्यक्ती’. ज्याचा ऱ्हास ४० डेसिबल आहे किंवा ज्याचा एकच कान गेलेला आहे, त्याला प्रमाणपत्रही नाही आणि नावापुढे शेराही नाही. ते मूल मागच्या बाकावर बसून निम्मा तास हरवतं आणि प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असं लिहून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार लहान मुलांमधला सुमारे ६० टक्के श्रवणऱ्हास टाळता येण्यासारख्या कारणांचा असतो, आणि आपल्याकडच्या वाहत्या कानांकडे बघितलं की ते पटतं. प्रश्न भलताच ऐकून भलतंच उत्तर देणारं, शेजाऱ्याच्या वहीत बघून मग पुस्तक उघडणारं, विनोदावर सगळे हसून झाल्यावर हसणारं मूल दिसलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा त्याचं नाव आवर्जून द्या. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ हे ॲप अशा प्राथमिक चाळणीसाठीच आहे. शिक्षकाने निदान करायचं नसतं. शंका नोंदवायची असते.

वर्गातलं बोलणं

ओठ वाचून मुलाला सगळं कळतं, हा समज सोडून द्या. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पापा’, ‘बाबा’, ‘मामा’ म्हणून बघा. तिन्ही तंतोतंत सारखे दिसतात. ‘काका’ तर दिसतच नाही, कारण ‘क’ घशाजवळ तयार होतो. ओठांवर दिसतं ते तुटक असतं. उरलेलं मूल संदर्भावरून भरतं. म्हणून संदर्भ देणं हे शिक्षकाचं काम. तास सुरू होताना फळ्याच्या कोपऱ्यात आजचा विषय आणि चार-पाच नवे शब्द लिहून ठेवा. ‘बाष्पीभवन’ हा शब्द आधी डोळ्यांखालून गेलेला असेल तरच तो ओठांवर ओळखू येतो.

बाकीचं बरंचसं सवयीचं आहे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. धडा वाचताना पुस्तक तोंडासमोर धरू नये. खिडकीला पाठ करून उभं राहिलं की चेहरा काळोखात जातो. ओरडून बोललं की ओठांचा आकार बिघडतो आणि यंत्रातून आवाज फाटतो. नेहमीच्या लयीत, जरा सुटं बोलावं. मुलाला कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदलावेत. दुसरं मूल उत्तर देत असेल तर त्याच्याकडे बोट दाखवा, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल. ‘समजलं का?’ हा प्रश्न तर कायमचा बंद करा. त्याला प्रत्येक कर्णबधिर मूल मान डोलावतं. ही त्यांची फार लवकर शिकलेली कला आहे. ‘आता तू काय करणार आहेस, दाखव’ असं विचारा.

दोन डोळे एकाच वेळी दोन ठिकाणी बघू शकत नाहीत, हे ऐकणाऱ्या शिक्षकांच्या सगळ्यात उशिरा लक्षात येतं. ‘नकाशात कृष्णा नदी शोधा, ती महाबळेश्वरजवळ उगम पावते आणि...’ असं आपण एका दमात बोलतो. इतर मुलं नकाशा बघत बघत ऐकतात. हे मूल नकाशात बघायला मान खाली घालतं आणि तुमचं उरलेलं वाक्य त्याच्या डोक्यावरून जातं. आधी सांगा, थांबा, बघू द्या, त्याने मान वर केली की पुढे बोला. तास थोडा मंदावतो. इतर मुलांचंही त्यात काही बिघडत नाही, उलट फायदाच होतो.

यंत्राला अंतर आणि गोंगाट सोसत नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. यंत्र चांगलं काम करतं ते एक-दीड मीटरच्या आत, म्हणून ‘पहिला बाक’ एवढ्यावर भागत नाही. ज्या कानाने बरं ऐकू येतं तो कान तुमच्याकडे हवा आणि शेजारी रस्त्याची खिडकी नको. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की बोलणं थांबवून लिहिण्याचं काम काढावं हे उत्तम. भिंतीवर जाड कापड, मऊ फलक टांगले तर घुमणं कमी होतं. जमत असेल तर शिक्षकाच्या गळ्यात अडकवायचा बिनतारी मायक्रोफोन, ज्याला जुनी मंडळी एफएम म्हणतात, मिळवण्यासाठी प्रयत्न करा. त्याने आवाज थेट यंत्रात जातो. फक्त शिक्षक-खोलीत जाताना तो बंद करायचा. नाहीतर मुख्याध्यापकांबद्दलची तुमची मतं पहिल्या बाकावर पोचतील.

परिपाठाचं वेगळं सांगायला हवं. भोंग्यावरची प्रार्थना, बातम्या, सुविचार यातलं काहीही या मुलाला कळत नाही आणि ते रोज वीस मिनिटं शिस्तीत उभं असतं. आजची बातमी आणि सुविचार फळ्यावर लिहिला तरी पुरे. श्रुतलेखनाचंही तसंच. ओठ बघून शुद्धलेखन लिहिण्याची परीक्षा कुणी तुमची घेतली तर किती गुण पडतील?

भाषा कोणती

इथे जुना वाद आहे. १८८० साली मिलान इथे भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने खुणा बाजूला सारून बोलण्यावरच भर द्यावा असा ठराव केला आणि जगभरच्या शाळांत त्याचा परिणाम झाला. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने तो ठराव नाकारला. आपल्याकडेही अनेक शाळांत वर्गात बोलणं आणि सुट्टीत मुलांच्या आपसात खुणा, असा दुहेरी संसार वर्षानुवर्षं चालला. मला वाटतं, शिक्षकाने या वादात पक्ष घेऊन बसू नये. यंत्राने ज्याला बोलणं मिळतंय त्याला ते भरपूर द्यावं. ज्याला मिळत नाही त्याला ते मिळेल या आशेवर पाच-सहा वर्षं भाषेशिवाय ठेवू नये. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकणारे असतात, त्यामुळे घरातून सांकेतिक भाषा आपोआप मिळत नाही. ती शाळेनेच द्यायची असते.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठीतला प्रत्येक शब्द हाताने दाखवणं नव्हे. तिला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नार्थक खूण वाक्याच्या शेवटी येते, ‘ने, ला, चा’ असे प्रत्यय नसतात, आणि भुवया, मान, खांदे हेही व्याकरणाचाच भाग असतात. त्यामुळे या भाषेतून विचार करणारं मूल मराठी लिहितं ते दुसरी भाषा म्हणून. ‘मी शाळा गेलो’, ‘आई मला डबा दिली’ अशी वाक्यं त्यातूनच येतात.

यावर वर्गात चालणारी पद्धत साधी आहे : आधी अनुभव, मग भाषा. समजा, सगळ्यांनी मिळून लिंबू सरबत केलं. प्रत्येक पायरीचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी ते फोटो वहीत चिकटवले आणि प्रत्येकाखाली मुलाच्या खुणांवरून एक वाक्य तयार केलं : सानिकाने लिंबू कापलं. रोहितने पाणी ओतलं. बाईंनी साखर घातली. तिन्ही वाक्यांतला ‘ने’ आणि ‘नी’ एकाच रंगाने लिहिला. मग चौथा फोटो दाखवून विचारलं, इथे कुणी काय केलं? मूल ‘विकास सरबत प्याला’ असं लिहील. आज तेवढाच ‘ने’ बघायचा असेल तर इथे गंमत होते, कारण ‘पिणे’ला मराठीत ‘ने’ लागत नाही! ‘विकास सरबत प्याला’ बरोबरच आहे आणि ‘विकासने ग्लास धुतला’ हेही. असे अपवाद मुलाला कान शिकवत नाहीत, म्हणून ते डोळ्यांसमोर आणून ठेवावे लागतात. एका वेळी एकच चूक निवडा. पानभर लाल शाई फिरवली तर मूल लिहिणंच बंद करतं.

प्रशिक्षण कुठून घ्यावं

सर्वसाधारण शाळेतल्या शिक्षकाने पहिला फोन गटसाधन केंद्रात करावा. समग्र शिक्षा अंतर्गत तिथे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. ते शाळेला भेट देतात तेव्हा हजेरीच्या सहीपुरती भेट होऊ देऊ नका. लिंग चाचणी तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा, आणि मग तुम्ही ती त्यांच्यासमोर करा. दीक्षा पोर्टलवरच्या निष्ठा प्रशिक्षणात समावेशित शिक्षणाचा भाग आहे. पायाभूत ओळख म्हणून ठीक आहे, पण व्हिडिओ बघून बॅटरी बदलता येत नाही.

सांकेतिक भाषा शिकायची तर शक्यतो कर्णबधिर शिक्षकाकडून शिका. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं. त्याच्या शब्दकोशाच्या २०२१ च्या आवृत्तीत दहा हजार शब्दांच्या खुणा व्हिडिओरूपात आहेत, आणि ‘साइन लर्न’ हे ॲप त्याच कोशावर बेतलेलं आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. श्रवणतपासणीपासून शिक्षक आणि दुभाष्यांच्या अभ्यासक्रमांपर्यंत तिथे एकाच आवारात चालतं. कोश हा शोधण्यासाठी असतो. कोशातल्या खुणा पाठ करून वाक्य येत नाही, आणि तुमच्या गावातली खूण कोशापेक्षा वेगळी असू शकते. आधी मुलाला विचारा, तू हे कसं दाखवतोस?

हाच व्यवसाय करायचा असेल तर श्रवणऱ्हास या विषयातली विशेष शिक्षणाची पदविका किंवा बी.एड. लागते, आणि ती भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतून. अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे, म्हणून फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या वर्षाच्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी बघाच. पास झाल्यावर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो आणि नूतनीकरणासाठी पुढची प्रशिक्षणं करत राहावी लागतात. कॉलेज निवडताना तीन प्रश्न विचारा : सरावासाठी कर्णबधिर मुलांची शाळा जोडलेली आहे का? विद्यार्थ्याच्या हातात यंत्र आणि साचे खरोखर येतात का? सांकेतिक भाषा शिकवणारी व्यक्ती कर्णबधिर आहे का? तिन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर इमारत कितीही देखणी असो, दुसरं कॉलेज बघा.

शिकवण्याच्या साहित्यात एनसीईआरटीच्या पुस्तकांचे सांकेतिक भाषेतले व्हिडिओ दीक्षावर मिळतात. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी याच भाषेसाठी आहे. बालभारतीच्या धड्यांशी ते तंतोतंत जुळणार नाहीत. विज्ञान, गणित, भूगोलातल्या संकल्पनांसाठी मात्र निवडून वापरता येतात. मोबाइलवर बोलणं लगेच लिहून दाखवणारं ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ मराठीतही चालतं. शांत खोलीत एक जण बोलत असेल आणि मुलाला वाचता येत असेल, तर दहावीच्या मुलांना त्याचा खूप आधार होतो. चाळीस मुलांच्या गोंधळात ते काहीच्या काही लिहितं.

परीक्षेच्या सवलतींचं काम वर्षाच्या सुरुवातीलाच काढा. २०१६ च्या कायद्यात जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा बदलांची तरतूद आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्र आणि वेळेत गेलेला अर्ज लागतो. भाषेची सूट घेण्याआधी पालकांशी आणि मुलाशी नीट बोला. आज सोपी वाटणारी सूट पुढे कॉलेजच्या प्रवेशात आडवी येऊ शकते.

एप्रिलच्या शेवटी एक पान लिहा : कोणत्या कानाने बरं ऐकू येतं, कोणती जागा मानवली, बॅटरीचा नंबर, सहापैकी कोणते आवाज येतात, कोणत्या खुणा घरच्या आणि कोणत्या शाळेच्या, वाचन कुठवर आलं, कोणती सवलत मंजूर झाली. हे पान फायलीत लावून मोकळं होऊ नका. पुढच्या वर्गशिक्षकांबरोबर पंधरा मिनिटं बसा, मुलालाही समोर बसवा, आणि जे बोलाल ते त्याला दिसेल असं बोला. तुमच्या पानात काही चुकलेलं असेल तर ते त्याला तिथेच सांगता येईल.